चौथ्या दिवशी फळीवर जाणारी गोळी : लेकराच्या जुलाबात झिंकचे १४ दिवस पुरे कसे करायचे

"ताई, हागवण तर परवाच थांबली की. आता कशाला द्यायची गोळी?"

गृहभेटीत पाकीट बघायला मागितलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. घरातलं कुणीतरी फळीवर, घड्याळामागं नाहीतर देवळीत हात घालतं आणि पाकीट काढून देतं. १४ गोळ्यांपैकी तीन संपलेल्या असतात, फार तर चार. बाकीच्या जागच्या जागी. माय चुकली असं मी म्हणणार नाही. तिला गोळी मिळाली तेव्हा कुणी तरी घाईत "रोज एक द्या" एवढंच सांगितलं होतं. किती दिवस, कशात घालून, उलटी झाली तर काय, हे सांगायचं राहून गेलं.

मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून काम करताना ज्या चुका पुन्हापुन्हा दिसल्या, त्या डोळ्यांपुढं ठेवून हा लेख लिहिला आहे. आई-बाप, आज्जी-आजोबा आणि नव्यानं रुजू झालेल्या आशाताई या सगळ्यांसाठी. लेख २ महिने ते ५ वर्षं वयाच्या लेकरांच्या साध्या, पाण्यासारख्या जुलाबांबद्दल आहे. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब झाले तर पुढचं काही वाचत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

टप्पा १ : लेकरू आजारी पडायच्या आधी

आपल्याकडं जुलाबाचे दोन हंगाम ठरलेले. एक मे महिन्याचा : आडात टँकर रिकामा होतो आणि तेच पाणी पोहऱ्यानं शेंदून घरात येतं. दुसरा मृगाच्या पावसानंतरचा : आड, हातपंप, नळ सगळीकडं गढूळ पाणी. रात्री अकराला लेकरानं तिसऱ्यांदा चड्डी भरवली आणि तेव्हा घरात काही नसलं, तर सकाळपर्यंतचा वेळ वाया जातो. म्हणून एका कोरड्या डब्यात हे ठेवा :

१. ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवायच्या मीठ-साखरेच्या पावडरची, दोन पाकिटं.
२. झिंकच्या २० मिलिग्रॅमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या १४ गोळ्या.
३. एक लिटरची स्वच्छ बाटली. फक्त मापासाठी.
४. स्टीलचा छोटा चमचा, वाटी आणि झाकणाचं भांडं.

पहिल्या दोन गोष्टी आशाताईकडं, उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. मेडिकलमध्येही मिळतात. मात्र तिथं "झिंकची गोळी द्या" एवढंच म्हणू नका. "लहान लेकराच्या जुलाबाची, पाण्यात विरघळणारी, वीसची" असं म्हणा. मोठ्या माणसांच्या ताकदीच्या कॅप्सूलमध्येही झिंक असतं, त्याचं प्रमाण वेगळं असतं आणि सोबत दहा जिन्नस असतात. ती फोडून लेकराला देणारे मी पाहिले आहेत.

सिरप मिळालं तर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचाच. एखाद्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम झिंक असतं, दुसऱ्यात १०. शेजारणीनं "मी एक चमचा देत होते" सांगितलं तरी तिची बाटली आणि तुमची बाटली एकच असेल असं नाही. लेबलवर "एलिमेंटल झिंक" किती लिहिलंय तो आकडा धरायचा. झिंक सल्फेट किंवा झिंक ग्लुकोनेटचं एकूण वजन धरायचं नाही. वाचता येत नसेल तर औषध देणाऱ्याकडून चमच्याचं माप बाटलीवर पेनानं लिहून घ्या.

आता माप :

२ महिने पूर्ण ते ६ महिन्यांच्या आतलं बाळ : रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी, १४ दिवस. एकूण ७ गोळ्या.

६ महिने ते ५ वर्षं : रोज २० मिलिग्रॅम, म्हणजे एक गोळी, १४ दिवस. एकूण १४ गोळ्या.

वजनाचा हिशेब इथं करायचा नाही. चार वर्षांचं लेकरू अंगानं थोराड आहे म्हणून दीड गोळी नाही, आणि वर्षाचं लेकरू नाजूक आहे म्हणून अर्धी नाही.

*थांबा आणि तपासा :* पाकिटावरची मुदत संपलेली नाही ना? गोळी पिवळी, ओलसर किंवा भुगा झालेली नाही ना? पुऱ्या १४ आहेत ना? पाच-सहाच मिळाल्या असतील तर "बाकीच्या कधी मिळतील" हे हातात पाकीट घेतानाच विचारून ठेवा. नंतर कुणी आणायला जात नाही, हा अनुभव आहे.

टप्पा २ : घरी ठेवायचं की दवाखान्यात न्यायचं

२४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ, पाण्यासारखी शी झाली की ते जुलाब. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसातून पाच-सात वेळा मऊ, पिवळसर शी करतं, ते जुलाब नव्हेत. त्याला काही द्यायची गरज नाही. पण नेहमीपेक्षा एकदम पातळ आणि जास्त वेळा व्हायला लागली, तर आईला फरक कळतोच. तिच्यावर विश्वास ठेवा.

"दात यायलेत म्हणून होतंय" हे मात्र सोडून द्या. दात येण्याच्या वयात लेकरू रांगतं, जमिनीवरचं उचलून तोंडात घालतं, वरचं खायला-प्यायला लागतं. जुलाब त्यातून होतात. दाताच्या नावाखाली दोन दिवस वाट बघितली की तेवढ्यात अंगातलं पाणी निघून जातं.

खालचं एक जरी दिसलं तरी घरच्या उपायावर थांबू नका :

लेकरू सुस्त पडलंय, हाक मारली तरी नीट बघत नाही, किंवा झटके आले. पाजलेलं गिळत नाही, किंवा दिलेलं सगळंच उलटून टाकतं. डोळे खोल गेलेत. रडताना पाणी येत नाही. सहा-आठ तास लघवी नाही. शीमध्ये रक्त आहे. ताप चढलाय. जुलाब १४ दिवसांच्या वर चाललेत.

दोन खुणा नीट समजून घ्या, कारण आपल्याकडं त्यांचा अर्थ वेगळाच लावतात.

पहिली टाळूची. लहान बाळाची टाळू आत गेली की "टाळू पडली" म्हणतात, तेल भरतात, कुणी जाणतं माणूस बोलावून उचलून घेतात. टाळू आत जाणं म्हणजे बाळाच्या अंगातलं पाणी कमी झाल्याची खूण. तेल चोळल्यानं बाळाच्या पोटात एक थेंबही पाणी जात नाही. आज्जीला तेल लावायचं तर लावू द्या, तेवढ्यावरून भांडण नको, पण त्याच वेळी दुसऱ्या हातानं ओआरएसचा चमचा चालू हवा आणि पाय दवाखान्याच्या वाटेवर.

दुसरी चिमटीची. बाळाला उताणं झोपवा. बेंबी आणि कुशीच्या मधल्या जागी पोटाची कातडी दोन बोटांत हलकेच उभी धरा आणि सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. घडी हळूहळू उतरत असेल तर पाणी कमी झालंय, आरोग्य केंद्रात न्या. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच दिसली तर १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही, लेकरू गिळत असेल तोवर, ओआरएस चालूच ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका.

अंगणवाडीत तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम, म्हणून ज्या लेकराची नोंद आहे, त्याला जुलाब झाले की खुणांची वाट न बघता दवाखान्यात न्या. त्याचा उपचार वेगळा असतो, ओआरएसचं मापसुद्धा. ज्या उपचाराच्या आहारावर त्याला ठेवतात त्यात झिंक आधीच असतं, म्हणून घरातली गोळी परस्पर सुरू करायची नाही.

टप्पा ३ : आधी ओआरएस

झिंक हातात आलं की काही घरांत ओआरएस मागं पडतं. गोळी दिली, काम झालं, असं वाटतं. पण लेकराच्या जिवाला धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार जाण्यानं, आणि ते भरून काढायचं काम झिंक करत नाही. म्हणून क्रम असा : पहिल्या पातळ शीबरोबर ओआरएस सुरू, आणि त्याच दिवशी झिंक.

१. हात साबणानं धुवा.
२. एक लिटरच्या बाटलीनं मोजून पिण्याचं स्वच्छ पाणी भांड्यात घ्या. उकळून गार केलेलं असेल तर उत्तम.
३. एक लिटरचं पाकीट पूर्ण, एकदाच, त्यात टाका. ढवळा.
४. चव घ्या. डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट लागलं पाहिजे. त्याहून खारट लागलं तर पाणी कमी पडलंय. टाकून द्या, नवं करा.
५. झाकून ठेवा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंदाजपंचे. पेलाभर पाणी घ्यायचं, पाकिटातली दोन बोटांची चिमूट टाकायची, पाकिटाचं तोंड दुमडून ठेवायचं. कधी पाणचट होतं, कधी खारट. खारट झालं तर लेकराला अपाय होतो, पाणचट झालं तर उपयोग होत नाही. बाजारात एका पेल्याची, २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही असतात. पाकिटावर किती पाण्यात मिसळायचं ते लिहिलेलं असतं, ते बघूनच. आणि तुमच्या घरातला पेला २०० चा आहे का ते एकदा बाटलीनं तपासा : एक लिटरची बाटली बरोबर पाच पेल्यांत संपली तर आहे.

ओआरएस दुधात, रसात, चहात मिसळायचं नाही. वरून साखर घालायची नाही. तयार झाल्यावर उकळायचं नाही.

किती द्यायचं? दर पातळ शीनंतर २ वर्षांच्या आतल्या लेकराला पाव ते अर्धा पेला, २ वर्षांवरच्याला अर्धा ते एक पेला. एकदम तोंडाला पेला लावू नका. चमचा-चमचा, मिनिटा-दोन मिनिटांनी. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आधीपेक्षा हळू. वाटी घेऊन मांडीवर लेकरू धरून बसणं कंटाळवाणं काम आहे, मला माहीत आहे. घरात बाप, काका, आजोबा आहेत. पाळी लावा. बहुतेक लेकरांना सलाईनची गरज पडत नाही, ते याच चमच्यामुळं. "सुई मारा, सलाईन लावा" असा आग्रह धरणाऱ्या घरात मी आधी वाटी-चमचा मागते.

"पाणी दिलं की आणखीनच हगतंय" असं वाटेल. दोन-चार तास शी कमी झाल्यासारखी दिसणार नाही, हे खरं. ओआरएस जुलाब थांबवायला नसतंच, गेलेलं भरून काढायला असतं. मडकं गळतंय म्हणून पाणी ओतायचं बंद केलं तर ते लवकर कोरडं होतं, एवढंच.

पाकीट नसेलच तर रात्र काढण्यापुरतं : १ लिटर पाणी, सपाट ६ चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा शिगोशीग नाही, सपाट. ६ महिन्यांवरच्या लेकराला ताक, भाताची पेज, डाळीचं मीठ घातलेलं पाणी हेही चालतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावर जास्त वेळा पाजा आणि मधूनमधून ओआरएस द्या.

*सावध :* दुकानात फ्रिजमध्ये मिळणारी गोड, रंगीत पेयं ओआरएस नव्हेत. काहींच्या खोक्यावर ती अक्षरं असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात "ओआरएस" वापरायला मनाई केली. तरी घेताना बघा : पावडरचं पाकीट, आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख. साखर जास्त असलेलं पेय, कोल्ड्रिंक, गोड चहा यांनी जुलाब वाढतात.

टप्पा ४ : झिंकची पहिली गोळी

वाट कशाची बघायची? कशाचीच नाही. "आधी बघू थांबतंय का, नाही थांबलं तर गोळी" हा हिशेब उलटा आहे. झिंक लवकर सुरू केलं तर आजाराचे दिवस आणि जोर दोन्ही कमी होतात. जुलाब सुरू झाले त्याच दिवशी पहिली गोळी.

१. एक-दोन चमचे ओआरएस पोटात टिकलं की मग गोळीची तयारी करा. अगदी उपाशी पोटी दिली तर मळमळतं. थोडं अंगावर पाजून किंवा दोन घास भरवून द्या.

२. स्वच्छ, कोरड्या चमच्यात गोळी ठेवा. ६ महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आईनं वाटीत थोडं दूध पिळून काढावं आणि त्यातलं चमच्यात घालावं. मोठ्या लेकरासाठी उकळून गार केलेलं पाणी किंवा तयार ओआरएस. चमचा काठोकाठ भरू नका, सांडतं.

३. गोळी आपोआप विरघळू द्या. मिनिटभरात होते. बोटानं चुरू नका, औषधाचा थर बोटाला लागून जातो. घाई असेल तर चमचा हलकेच हलवा.

४. लेकराचं डोकं थोडं वर धरून गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू पाजा. नाक दाबून, उताणं पाडून ओतू नका, ठसका लागतो.

५. चमच्याच्या तळाशी पांढरा गाळ राहतोच. त्यात पुन्हा थोडं दूध किंवा पाणी घालून तेही पाजा. ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात आणि गोळीतला बराच भाग भांडी घासताना मोरीत जातो.

६. त्यावर एक-दोन घोट पाणी किंवा अंगावरचं दूध. तोंडात धातूसारखी चव राहते, ती जाते.

अर्धी गोळी द्यायची असेल तर आधी मोडा, मग भिजवा. अख्खी विरघळवून "अर्धा चमचा पाजला" म्हणायचं नाही, गाळ खाली बसतो आणि माप चुकतं. उरलेली अर्धी त्याच पाकिटात गुंडाळून घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी आधी तीच वापरा. पावसाळी हवेत या गोळ्या ओल धरतात. चुलीजवळ, खिडकीत, माठावरच्या फळीवर ठेवू नका.

गोळी लिटरभर ओआरएसमध्ये टाकून दिवसभर पाजत राहणं ही आणखी एक चूक. दिसायला सोयीची आहे, पण लेकरू ते सगळं संपवेलच असं नाही, मग किती पोटात गेलं कुणाला ठाऊक. गोळी चमच्यातच.

*उलटी झाली तर :* गोळी दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर थोडं थांबून, लेकरू शांत झालं की, त्या दिवसाची गोळी पुन्हा एकदा द्या. अर्ध्या तासानंतर झाली तर पुन्हा द्यायची नाही. दुसऱ्यांदाही उलटली तर त्या दिवशी तिसरी नाही. ओआरएस चालू ठेवा, आशाताईला कळवा, उद्या पुन्हा त्याच वेळेला. एखाद-दुसरी उलटी झिंकच्या चवीनंही होते, त्यावरून "आमच्या लेकराला गोळी सोसत नाही" असं ठरवून टाकू नका.

लोहाचं सिरप चालू असेल तर जुलाब असेपर्यंत ते थांबवतात. बरं वाटल्यावर पुन्हा सुरू कराल तेव्हा लोह आणि झिंक एकाच वेळी देऊ नका, एक सकाळी, एक संध्याकाळी.

टप्पा ५ : पहिले तीन दिवस

या दिवसांत घर जागं असतं. सगळ्यांचं लक्ष लेकराकडं असतं, गोळी चुकत नाही. चुकतं ते जेवण.

अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. ६ महिन्यांवरच्याला मऊ, पातळसर, ताजं अन्न दर तीन-चार तासांनी थोडं थोडं : मुगाच्या डाळीची खिचडी, दहीभात, कुस्करलेलं केळ, ज्वारीच्या कण्या ताकात, वरणात कुस्करलेली भाकरी. त्यावर चमचाभर तेल किंवा तूप घालायला घाबरू नका. "पोटाला आराम" म्हणून लेकराला उपाशी ठेवलं की ते आठवड्यात पाप्याच्या पितरासारखं दिसायला लागतं, आणि पुढचा आजार त्याच वाटेनं आत येतो.

काय द्यायचं नाही ते थोडक्यात. जुलाब "बांधून टाकणारी" गोळी, लोपेरामाइड वगैरे, लहान लेकराला कधीच नाही : आतड्याची हालचाल मंदावते, पोट फुगतं, घाण आतच राहते. मोठ्या भावाच्या मागच्या आजारातलं उरलेलं अँटिबायोटिक नाही. पाण्यासारख्या साध्या जुलाबात त्याचा उपयोग नसतो. रक्त पडत असेल तर लागतं, पण ते डॉक्टर ठरवतील. उगाळलेल्या गुटीत काय नि किती गेलं याचा पत्ता नसतो, तीही या दिवसांत नको.

*तिसऱ्या दिवसाची तपासणी :* जुलाब कमी होतायत का? लघवी नेहमीसारखी होते का? लेकरू खेळायला बघतंय का? तिन्हीचं उत्तर "नाही" असेल, किंवा टप्पा २ मधली एखादी खूण आज नव्यानं दिसली, तर दवाखाना. सुधारणा असेल तर पुढचा टप्पा नीट वाचा. सगळा लेख याच्यासाठीच लिहिलाय.

टप्पा ६ : चौथा दिवस ते चौदावा दिवस

चौथ्या दिवशी लेकरू अंगणात पळायला लागतं. माय शेतात जाते, आज्जीला गोळीचं ध्यान राहत नाही, आणि पाकीट फळीवर जातं.

जुलाबात लेकराच्या अंगातलं झिंक शीवाटे बाहेर जातं. आपल्याकडच्या बऱ्याच लेकरांच्या अंगात ते मुळातच बेताचं असतं, कारण वरचं खाणं बहुतेक धान्याचं. आतड्याचं आतलं अस्तर पुन्हा नीट व्हायला झिंक लागतं, रोगाशी झुंजायच्या ताकदीलाही लागतं. पहिल्या तीन-चार गोळ्यांनी चालू आजार उतरणीला लागतो. उरलेल्या दहा पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी करतात. जूनमध्ये आजारी पडलेल्या लेकराचे पुढचे दोन-तीन महिने म्हणजे सगळा पावसाळा. हा हिशेब सांगितला की घरच्यांना पटतं. "कोर्स पूर्ण करा" असं नुसतं म्हटलं तर पटत नाही. मलाही पटलं नसतं.

पूर्ण व्हायला उपयोगी पडलेल्या गोष्टी :

कॅलेंडर. पहिल्या गोळीच्या दिवशीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर १४ चौकोनांत १ ते १४ आकडे लिहून टाका. गोळी दिली की आकड्यावर फुली. ७ तारखेला पहिली दिली तर शेवटची २० तारखेला येते. बरेच जण ७ मध्ये १४ मिळवून २१ धरतात आणि शेवटी एक गोळी कमी पडली म्हणून गोंधळतात.

ठरलेली वेळ. घड्याळाची नव्हे, कामाची. संध्याकाळी दिवा लावला की गोळी, किंवा सकाळी दूध पाजलं की गोळी. शेतात जाणाऱ्या घरात संध्याकाळचीच बरी, कारण तेव्हा कुणीतरी मोठं माणूस घरी असतं.

एकच माणूस. "मी समजले तुम्ही दिली असेल, आत्या" हे सून-सासूचं संभाषण मी इतक्यांदा ऐकलंय! यात एक तर गोळी चुकते, नाहीतर एकाच दिवशी दोनदा जाते. गोळी कोण देणार ते पहिल्या दिवशी ठरवा. बाप देणार असेल तर फारच छान.

पाकीट नजरेसमोर. पण लेकराच्या हाताला लागेल असं नाही. खिळ्याला पिशवीत अडकवलेलं सगळ्यात बरं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी वेगळं सांगते. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, परभणी, धाराशिवकडच्या कितीतरी टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता, पीठ, भांडी ट्रॅक्टरवर चढतात आणि अर्धं संपलेलं पाकीट गावातच राहतं. निघायच्या आदल्या दिवशी आशाताईला गाठा, उरलेल्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं लेकराच्या कपड्यांच्या गाठोड्यात बांधा. फडावरच्या कोपीत पाणी कुठलं मिळेल ते तुमच्या हातात नसतं. तिकडच्या गावातल्या अंगणवाडी आणि उपकेंद्रातही गोळी मागता येते, कुठलं गाव तुमचं हे आडवं येत नाही.

*एक दिवस चुकला तर :* त्याच दिवशी रात्री आठवलं तर तेव्हा द्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाची एकच द्या. दोन एकदम नाहीत. चुकलेला दिवस शेवटी वाढवा, म्हणजे १४ गोळ्या पुऱ्या होतील.

*मध्येच जुलाब परत सुरू झाले तर :* गोळी तशीच चालू, ओआरएस पुन्हा सुरू, खुणा पुन्हा तपासा. पहिल्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या वर जुलाब रेंगाळले तर घरी थांबू नका.

*दोन लेकरं असतील तर :* एकाच्या पाकिटातून दोघांना देऊ नका. दोघंही अर्ध्यावर राहतात. आजारी नसलेल्या भावाला "असू दे, ताकद येईल" म्हणूनही नको.

टप्पा ७ : पंधराव्या दिवशी

गोळी बंद. सिरपच्या बाटलीत उरलं म्हणून महिनाभर चाटवत राहू नका. झिंक फार दिवस जास्त गेलं तर अंगातल्या तांब्याचं प्रमाण बिघडतं. पुढं कधी नव्यानं जुलाब झाले तर नव्यानं १४ दिवस, पुन्हा पहिल्या चौकोनापासून.

जुलाब थांबल्यावर दोन आठवडे लेकराला रोज एक जेवण जास्तीचं द्या. मोठं ताट नको, चार घासांचं चालेल, पण रोज. घटलेलं वजन त्यातून भरतं. अंगणवाडीत वजन करून घ्या.

पाण्याचं थोडक्यात : खळाखळा उकळी आल्यावर मिनिटभर ठेवा, झाकून गार करा, ओगराळ्यानं काढा, हात बुडवून नाही. सरपण किंवा गॅस परवडत नसेल तर उपकेंद्रातून मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध, घ्या आणि बाटलीवर लिहिलेल्या मापानं टाका. लेकराची शी अंगणात किंवा उकिरड्यावर न टाकता संडासात टाका, आणि मग हात साबणानं धुवा, राखेनं किंवा मातीनं नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे रोटाव्हायरसचे डोस झालेत का ते लसीकरणाच्या कार्डावर बघा.

रिकामं पाकीट फेकून देऊ नका. आशाताई पुढच्या वेळी आली की तिला दाखवा, तिच्या वहीत नोंद होईल, आणि तिच्याकडून डब्यासाठी ओआरएसची नवी दोन पाकिटं मागून घ्या.